डॉलरवरचा अंगठा

चांदीच्या डॉलरला मार्क पडतात हे मला बहारीनला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं म्हणा. माझा नवरा तिथल्या एका प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. त्याचा अमेरिकन सुपरवायझर जनाबियाला परदेशी साहेबांच्या बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये राहायचा, आणि त्या गोऱ्याला जुने डॉलर जमवायचा नाद. नाणी तो अमेरिकेला तपासायला पाठवायचा. तिथली माणसं म्हणे नाणं किती कोरं, किती झिजलेलं ते बघून सत्तरपैकी मार्क देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. डबी फोडली की मार्क खलास.

आमची मुलगी झाली तेव्हा त्याने नवऱ्याला डबीत न घातलेला एक सुटा डॉलर भेट दिला. ह्या पठ्ठ्याने पेढा उचलावा तसा तो अंगठ्या-बोटात धरला. गोरा ओरडला, कडेनं धर, कडेनं! पण व्हायचं ते होऊन गेलं. वर्षभरात चांदी काळवंडली आणि नाण्यावर कोरलेल्या बाईच्या गालावर नवऱ्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला, अगदी रेघन् रेघ. तसाच तो डॉलर तपासायला गेला आणि कमी मार्क घेऊन आला.

"बापावर गेलाय," मी म्हटलं.

"पास झालाय ना? मग झालं तर!" नवरा हसत सुटला.

पुढे त्यालाही नाद लागला. तीन-चार डॉलर आणखी जमले. एक मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं त्याचा, एक हमद टाउनच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याचा. हे सगळे चकचकीत, हुशार पोरांसारखे. शुक्रवारी सुट्टीला तो टेबलावर डब्या मांडून बसला की मी विचारायची, "भरली का शाळा?" काळा डॉलर तो नेहमी पहिल्या नंबरावर मांडायचा.

मग एक दिवस तो शिफ्टवरच गेला. छातीत दुखतंय म्हणून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. सातारा जिल्ह्यातल्या गावी सगळं उरकलं. माझी स्वतःची ऑफिसातली नोकरी होती, व्हिसा होता, म्हणून मुलीला घेऊन मी परत आले. काही महिन्यांनी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा त्यांचा एकुलता एक.

माणूस गेल्यावर त्याचं म्हणून काय उरतं हो? कपडे धुतले जातात, उशी दुसऱ्याच्या डोक्याखाली जाते. फोटोत माणूस नुसता दिसतो. त्या डॉलरवर मात्र तो स्वतः होता. रोज ऑफिसला निघायच्या आधी मी कपाट उघडायची आणि डबीवरून माझा अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवायची. हसा हवं तर. मुलगीही तसंच करायची. आत्यांसमोर आम्ही ते काही काढायचो नाही. ज्या बाईचा लेक गेला तिच्यापुढे आपलं दुःख काय उगाळायचं?

वर्ष झालं तेव्हा घरी पुण्यानुमोदन ठेवलं. रिफाहून, मनामाहून आपली मंडळी बुद्धवंदनेला येणार होती. मी हाफ डे टाकून मेणबत्त्या, फुलं घेऊन आले, तर आत्या स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर. चेहरा असा खुललेला की लेक गेल्यापासून मी तसा पाहिलाच नव्हता.

"बघ तरी गं! त्याच्या फोटूम्होरं ठिवायचं म्हणून काढलं. बाकीची कशी चकाकत्यात, ह्ये एकच काळं पडलं हुतं. माझ्या लेकाची वस्तू अशी काळी ठिवायची व्हय? त्या प्लास्टिकातनं निघंना, मग बत्त्यानं फोडलं. चिंच लावली, हितं राख मिळंना म्हणून रांगोळीनं घासलं. एक डाग लई चिवट हुता बघ. पर म्या सोडला न्हाई."

त्यांच्या तळहातावर डॉलर आरशासारखा लखलखत होता.

डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या! अक्कल कुठं गहाण टाकली होती, असं अगदी जिभेवर आलं. पण त्यांची ती चिंचेनं सुरकुतलेली बोटं बघितली आणि सगळं गिळलं.

"छान निघालंय, आत्या," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. तिने नाणं हातात घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "मम्मी, व्हेअर इज पपाज थम्ब?"

"काय म्हणती गं ती?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही हो. भूक लागलीय तिला."

पण कधी चुकूनही मराठीत उत्तर न देणारी ती पोर आजीकडे वळली आणि धडधडीत मराठीत म्हणाली, "पपाचा अंगठा होता इथे, आजी. तू पुसलास."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फुलांची पिशवी उचलून टेबलाकडे वळले. त्यांना सगळं कळलं. नातीच्या हातातलं नाणं घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या, पदरानं चष्मा पुसला आणि उजेडाकडे ते तिरपं धरलं.

"कुठल्या अंगाला हुता?"

"गालावर, आत्या."

त्यांनी नाणं डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. दारावर बेल वाजली, मुलीनं दार उघडलं, पांढऱ्या कपड्यांतली मंडळी चपला काढून हळूहळू आत येऊ लागली. आत्यांनी मान वर केली नाही.

"थोडा तरी ऱ्हायला असंल गं," त्या म्हणाल्या. "तुझी नजर चांगली हाय. तू बघ की जरा."