चांगुणाच्या गोधडीतलं माझं लुगडं

चांगुणाचं नाव काढलं की माझं टाळकं फिरतं. सवत हाय ती माझी, थोरली. बोरी गावात एकाच अंगणात आमच्या दोन चुली, तिची उगवतीला, माझी मावळतीला. मालक, म्हणजे बन्सीधर, जाऊन वरीस झालं, पर आमचं भांडण काय गेलं न्हाई.

तिला लेकरू झालं न्हाई म्हणून मला आणली. माझ्या पोटी गोपाळ झाला. झालं! तवापासून तिच्या डोळ्यात मी कुसळावानी सलते. मी सडा टाकला की म्हणती चिखल केला, भाकरी थापली की म्हणती गोवरी केली. मी बी काय कमी न्हाई. तिच्या एकाला माझे दोन असत्यात.

पर सुई हातात घेतली की ही बाई येगळीच. खोटं कशाला बोलू? गोधडीचे तिकोन तिच्यावानी अख्ख्या गावात कुणाला जमत न्हाईत. टेप न्हाई, खडू न्हाई. कापडाचा चौकोन घेती, टोकाला टोक लावून दुमडती, अंगठ्याच्या नखानं घडी दाबती आन कातर चालवती. एक पांढरा तिकोन, एक रंगीत, दोन्ही जोडून परत चौकोन करती. चार चौकोन भिडले की मधी चारी टोकं एका जागी यायला पायजेत. तीळभर सरकलं तरी चौकोनांची अख्खी रांग उसवती. आन जमलं की उन्हाकडं धरून गालातल्या गालात हसती. माझ्याकडं बघून एवढं गोड ती जन्मात हसली न्हाई, मेली.

गोपाळची बायको भक्ती गरवार राहिली, तशी चांगुणानं मालकांची धोतरं पेटीतनं काढली. नातवंडाला गोधडी शिवायला. पांढरा तिकोन आज्याच्या धोतराचा, रंगीत आजीच्या लुगड्याचा. आन आजी कोण? तर ही! सगळी लुगडी हिचीच.

"अक्का, माझं बी एक लुगडं घ्या की," मी म्हणलं.

"तुझ्या लुगड्याचं पायपुसणं कर," ती म्हणली.

असा संताप आला म्हणून सांगू! लेकरू माझ्या रक्ताचं, आन त्याच्या अंगाखाली मालकांच्या शेजारी मी कुठंच न्हाई? मग मी बी पेटले. ती बाजारला गेली तसं तिच्या दुरडीतनं धोतराचा एक तिकोन उचलला, माझ्या लाल लुगड्याचा एक कापला, जोडला आन तिच्या चौकोनांत सरकवून दिला. म्हणलं, एवढ्या ढिगात तिला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी तिनं ढिगात हात घातला आन तोच चौकोन बाहेर आला. बघितलं बी न्हाई, नुसत्या बोटानं. सरळ माझ्या तोंडावर फेकला.

"हे ध्यान कुणाचं?"

"माझं हाय! गोपाळ माझ्या पोटचा हाय!"

"पोटचा हाय म्हणून टोक वाकडं चालंल व्हय? तिरपं कापड वढून शिवलंस, लांबलं बघ. भवाने, मालकांचं धोतर वाया घालवायलीस!"

आवाज ऐकून भक्ती पळत आली. "मोठ्या आत्याबाई, असू द्या की..."

"तू गप!" आमी दोघी एकदमच तिच्यावर वरडलो.

चांगुणानं टाके उसवले. माझा लाल तिकोन कामातनं गेला होता. तिनं तो कचऱ्यात टाकला आन माझ्या डोळ्यात पाणीच आलं. संपलं म्हणलं आपलं. तर ही हात पुढं करून मला म्हणती, "बायने, दुसरं कापड दी. घट्ट विणीचं. धोतराला जोड पायजे."

मी घरात गेले आन पेटीच्या तळाचं हिरवं लुगडं काढलं. ह्या घराचं माप मी वलांडलं ते ह्याच लुगड्यात. त्या दिवशी माझ्यावरनं भाकरतुकडा ववाळायला लोकांनी चांगुणालाच उभं केलं होतं. तेच आता तिच्या पुढ्यात टाकलं. तिनं वळखलं. कातर हातातच राहिली.

"हेच घावलं व्हय तुला?"

"हेच."

तिनं लुगडं मांडीवर वढलं. मग दुमडलं, नखानं घडी दाबली आन कापलं.

बारशाला गोधडी पसरली, तर माझा हिरवा तिकोन मालकांच्या धोतराला लागून, बरोब्बर मधोमध! बाया म्हणायल्या, "काय मन मोठं चांगुणाबाईचं! सवतीला मधी बसवली." मलाबी भरून आलं. तेवढ्यात पाळण्यात गोधडी टाकता टाकता ती माझ्या कानाशी लागली.

"लेकरू मधीच मुततं."

बघा! हाय का न्हाई हाडाची वैरीण?

आता रोज सकाळी ती गोधडी मीच धुते. कुणाला हात लावू देत न्हाई. पिळायच्या आधी मधल्या शिवणीवरनं बोट फिरवते. टोक अजून जाग्यावर हाय.