काच बदलली आणि संजूभाऊजी दिसेनात

आधीच सांगून टाकते, मी आठवी-नववीला भौतिकशास्त्र शिकवते. अमावस्या, उतारा, लिंबू... असलं काही वर्गात कुणी काढलं की मी त्याला फळ्यापाशी उभं करून गुरुत्वाकर्षणाचा नियम म्हणायला लावते. या सदरातले अनुभव मी वाचते ते लिहिणाऱ्याची चूक कुठे झाली हे शोधायला. आता माझीच चूक तुम्ही शोधा. मला तर सापडली नाही.

आम्ही आदिलाबादला राहतो. मिस्टरांचा भाजीपाल्याचा ठोक धंदा आहे. मूळ घर आणि वांगी-टमाटरचं वावर तामसीजवळ. तिथे सासूबाई आणि माझे धाकटे दीर संजय राहतात. संजूभाऊजींबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण सगळं त्यांच्याभोवतीच घडलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी ते बोअरवेलच्या गाडीवर कामाला तमिळनाडूत गेले होते. एक दिवस तिकडून फोन आला — नदीवर आंघोळीला गेला तो परतलाच नाही, काठावर नुसते कपडे सापडले. मिस्टर तिथे जाऊन आले, शोध शोध शोधलं, काही नाही. शेवटी पैनगंगेच्या काठावर पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्यालाच अग्नी दिला, तेरावं घातलं. देह सापडला नाही की आमच्याकडे असंच करतात. त्या दिवशी पंगतीत मीच वाढत होते.

आणि गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी तामसीच्या स्टँडवर बस थांबली आणि संजूभाऊजी खाली उतरले!

झालं होतं एवढंच, की मुकादम मारायचा. कुणी शोधू नये म्हणून भाऊजी कपडे काठावर ठेवून पळाले, आणि मग लाजेपोटी फोन केला नाही. सासूबाईंनी आधी दोन थापडा हाणल्या, मग पोटाशी धरून जे रडल्या... विचारू नका. गावजेवण झालं, सगळं आनंदात. पण माणूस काही रुळला नाही. हाक मारल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत, बाजेच्या कडेला टेकायचे. गावातली पोरंटोरं चिडवायची, "काय बे, वरून वापस पाठवलं का तुले?" तेही हसायचे. आणि मधूनच म्हणायचे, "पोळा झाला का जातो मी तिकडंच." सासूबाई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहायच्या. पुन्हा गेला तर आपल्या हयातीत परत येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता गाडीचं. यंदा पोळ्याच्या थोडं आधी निर्मल रोडला पुढच्या ट्रकमधून गिट्टी उडाली आणि आमच्या गाडीची समोरची काच तडकली. नवीन काच बसवली. पण आजकालच्या गाड्यांचे नखरे फार! आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. समोर माणूस आला, गाडी आली, तर तो ओळखतो आणि वेळ पडली तर स्वतःच ब्रेक मारतो. काच बदलली की तो केसभर हलतो, म्हणून त्याला समोर म्हणजे नेमकं कुठे ते पुन्हा शिकवावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. चष्म्याचा नंबर काढण्यासारखंच आहे, फक्त बिल जास्त.

हे काम करणारा श्रीकांत निर्मलचा. मातृभाषा तेलुगू, मराठी बाजारातली. या कामाला सपाट जमीन आणि लांब मोकळी जागा लागते, म्हणून त्याने एका जिनिंगची रिकामी शेड ठरवली होती. नवा कापूस यायला अजून वेळ होता. त्याने टायरची हवा पाहिली, डिकी रिकामी केली, दोरी लावून गाडीची मधली रेघ काढली आणि समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड उभा केला. लॅपटॉपवर 'पास' आलं. मग हायवेवर पट्ट्यांच्या मधून गाडी फिरवून आणली, तिथेही 'पास'.

एवढ्यावर काम संपतं. पण श्रीकांतची स्वतःची एक पद्धत होती. ब्रेकवर पाय ठेवून गाडी अगदी हळू सोडायची आणि कुणाला तरी लांबून समोर चालायला लावायचं. आमच्या गाडीत समोर माणूस दिसला की डॅशबोर्डवर छोटं माणसाचं चिन्ह उमटतं.

"मॅडम, जरा पुढून चालून दावा ना."

मी चालले, चिन्ह आलं. मिस्टर चालले, आलं. संजूभाऊजी त्या सकाळी वांगी घेऊन आदिलाबादला आले होते आणि आमच्याबरोबरच तामसीला परतणार होते. मिस्टर म्हणाले, "जा रे संज्या, तूही चालून पाह्य."

ते चालले. डॅशबोर्ड कोरा.

"भाऊ, थोडं हळू चला."

हळू चालले. कोरा. मधोमध उभे राहिले, दोन्ही हात हलवले... काही नाही.

मला लगेच कारण सापडलं आणि मी ते शिक्षकी आवाजात जाहीरही केलं. मागे चुन्याची भिंत, अंगात पांढरा शर्ट, कॅमेऱ्याला फरक कळणार कसा? मिस्टरांनी आपला लाल टी-शर्ट काढून भावाला घातला आणि स्वतः बनियनवर उभे राहिले. तरी कोरा. गाडी बाहेर उजेडात काढली. तरी कोरा! गेटवरचा चहावाला किटली घेऊन समोरून गेला, त्याचं चिन्ह टुणकन आलं. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर चिन्ह एकच, आणि मिस्टर बाजूला झाले की तेही गेलं.

श्रीकांतचं हसणं बंद झालं होतं. त्याने मुकाट्याने गाडी आत घेतली आणि दोरी, बोर्ड, हवा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा 'पास'. पुन्हा आम्ही सगळे दिसलो आणि पुन्हा संजूभाऊजी नाही. मिस्टर त्याच्यावर उखडले. तो बिचारा लॅपटॉप फिरवून दाखवत राहिला, "सर, इसमें तो सब ओके है..."

तेव्हा संजूभाऊजी टी-शर्ट काढत हसत म्हणाले, "राहू दे दादा. त्याले काऊन रागावून राह्यला? मी तसाही कोनाले दिसत नाही."

मला एकदम फार वाईट वाटलं. वर्षभर माणूस आमच्यात वावरत होता आणि त्याला असं वाटत होतं.

वाटेत ते मागून म्हणाले, "दादा, मी पोळ्यापर्यंत नाही थांबत. सोमवारी निघतो."

"काऊन बे? एका मशीनच्या पाई?"

"मशीनच्या पाई नाही."

मिस्टरांनी रेडिओ लावला.

सासूबाईंना मीच सांगितलं, हसण्यावारी नेत. मला वाटलं, त्या घाबरतील किंवा मिरच्या ओवाळतील. त्या नुसत्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला.

"आपन त्याले पानी देलं," त्या म्हणाल्या. "पानाचा करून जाळला त्याले. मंग वापस कोनं आनलं?"

"आई, ते स्वतःच आले की बसने."

"बसनं आला तो देह आला. मेला म्हनून पानी देलेला मानूस वापस आला तं त्याले पुन्हा जन्माले घालाव लागते. माह्या मामाच्या गावात केलं होतं असं. न्हाऊ घालाव लागते, बारसं कराव लागते. आपन लोकाइले जेवू घातलं अन् मोकळे झालो. माहंच चुकलं."

"अहो पण त्या कॅमेऱ्याला काय माहीत पळसाची पानं!"

"मंग त्याले काऊन दिसत नाही, सांग. तू तं सायन्स शिकवतं ना?"

मी म्हणाले, तांत्रिक बिघाड.

"कोनाचा?" त्यांनी विचारलं.

मंडळी, मी बारशाला हो म्हटलं ते विश्वास बसला म्हणून नाही. बारसं होईपर्यंत आई सोडणार नाहीत, म्हणजे सोमवार तरी टळेल, एवढाच माझा हिशोब होता.

मुहूर्त सोमवारच्या आधीचाच निघाला, भर दुपारी बारसं झालं. भटजींनी तूप चोळून आंघोळ घालायला लावली, काही मंत्र म्हटले. शेजारून पाळणा आणला. चाळिशीचा मिशीवाला बाप्या पाळण्यात मावणार कसा? मग त्यात त्यांचा शर्ट निजवला आणि त्यांना पाळण्याची दोरी धरून खाली बसवलं. बायका तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. "बाळ कोनावर गेलं वं?" "मिशा तं आजावर गेल्या!" संजूभाऊजी मान खाली घालून बसलेले. कानात नाव सांगायला आत्या लागते, ती कुणी राहिली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तूच हो आत्या."

मी वाकले. स्वतःचीच लाज वाटत होती. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "संजय." बायकांनी कुर्र करून माझ्या पाठीत धपाधप धपके घातले, आणि त्या गडबडीत ते रडायला लागले. आवाज करून, हमसून हमसून. खिदळणं जागच्या जागी थांबलं. सासूबाईंनी पदराने त्यांचं नाक-तोंड पुसलं, अगदी लहान पोराचं पुसतात तसं. मग घुगऱ्या वाटल्या आणि बायका घरी गेल्या.

सोमवारी ते गेले नाहीत. पोळाही झाला. पण राहतो असंही म्हणाले नाहीत, बॅग दाराशीच होती. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी म्हटलं, "भाऊजी, एकदा गाडीसमोर उभे राहा ना, प्रयोग म्हणून."

"नको वैनी," ते म्हणाले. "नाही दिसलो तं?"



मग यंदाच्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी गाडी घेऊन वावरात गेले, टमाटर आणायला. पांदणीच्या शेतवाटेने गाडी हळू चालवत होते, एका बाजूला डोक्याएवढी तूर, समोर उतरतं ऊन. आणि एकदम गाडीने ब्रेक मारला! पट्टा छातीत रुतला, डॅशबोर्ड लाल, नुसती टीं टीं टीं... समोर बॉनेटपासून हातभर अंतरावर संजूभाऊजी. तुरीतून बाहेर पडले होते, डोक्यावर टमाटरचं क्रेट. ते क्रेट आता खाली पडलेलं आणि टमाटर सगळ्या पांदणीभर.

मी काच खाली करून ओरडले, "अहो, मेला असता ना!"

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आरशामागच्या कॅमेऱ्याकडे बघत होते.

"वैनी... मी दिसलो का?"

"दिसलात! दिसलात म्हणूनच तर थांबले ना!"

ते तिथेच टमाटरांमध्ये मटकन बसले. मग वावराकडे तोंड करून जोरात हाक मारली, "माय! मी दिसलो वं! माय, मी दिसलो!" सासूबाई वावराच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, अनवाणी पळत आल्या.

त्यांनी जाण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. आता जेवायची वेळ झाली की न बोलावता येऊन बसतात, आणि मीठ कमी पडलं तर सांगतातही.

श्रीकांतला मी फोन केला होता. तो म्हणाला, मधल्या काळात गाडीचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं असेल. काचेचा गोंद बसायला वेळ लागतो, त्यानेही फरक पडतो. मी विचारलं, मग बाकी सगळे कसे दिसत होते? तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला बोलवा ना."

अपडेट झालं असेल, नाकारत नाही. तुमच्यात कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा, मला खरंच ऐकायचंय. फक्त एक गोष्ट मी संजूभाऊजींना अजून सांगितलेली नाही, इथे सांगते. त्या दिवशी ऊन सरळ डोळ्यांवर होतं आणि माझा पाय ब्रेकवर नव्हताच. मला ते दिसले नव्हते.