बोर्डाने घातलेली अट

माझा नवरा कायरोप्रॅक्टर आहे असं पुण्यात सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे नक्की काय?" म्हणजे मणक्याचे, सांध्यांचे उपचार करणारा. नावामागे डॉक्टर लागतं, पण औषध लिहून देता येत नाही. हे शेवटचं वाक्य मला सहसा पूर्ण करावं लागायचं नाही. सासरे शेजारी असले तर तेच घाईने करून टाकायचे. ते अमेरिकेत फार पूर्वी आलेले हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. एकुलता एक मुलगा मेडिकलला न जाता "लोकांच्या पाठी मोडायला गेला", असं ते मंडळाच्या गणेशोत्सवात चारचौघांत म्हणायचे. नवरा हसून सोडून द्यायचा आणि सासूबाई नेमक्या तेव्हाच कुणाला तरी आणखी एक पुरी वाढायला उठायच्या.

सासूबाईंना डायबेटीस होता. जुना, पण आटोक्यातला. त्यांच्या गोळ्या सासरे रोज सकाळी स्वतः एका वाटीत काढून चहाच्या कपाशेजारी ठेवायचे. कागदोपत्री त्यांच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. पण त्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे "सर म्हणतील तसं" यापलीकडे त्यांची मजल जायची नाही.

आमचं क्लिनिक हायवेलगतच्या एका प्लाझात आहे, इंडियन ग्रोसरी आणि टॅक्स भरून देणाऱ्या काकांच्या मधल्या गाळ्यात. फ्रंट डेस्क मी सांभाळते. येणारे बहुतेक जण दिवसभर स्क्रीनपुढे बसून मान धरलेले. टेबलावर पालथे पडल्या पडल्या ते विचारायचे, "डॉक्टर, पोट कमी करायला काय खाऊ?" आणि नवऱ्याला उत्तर देता यायचं नाही. आमच्या राज्यात कायरोप्रॅक्टरला आहाराचा सल्ला द्यायचा असेल तर कायरोप्रॅक्टरांना परवाना देणाऱ्या राज्याच्या बोर्डाने मान्य केलेलं प्रशिक्षण हवं, आणि तसं मान्य प्रशिक्षण तेव्हा एकही नव्हतं. मग त्याने आणि त्याच्या काही मित्रांनी मिळून एक अभ्यासक्रम तयार केला, आहारतज्ज्ञ शिक्षक गाठले आणि तो मंजुरीसाठी बोर्डापुढे ठेवला.

सुनावणी सगळ्यांना खुली होती. ज्याला बोलायचंय त्याने नाव द्यायचं आणि मोजकी मिनिटं बोलायचं. मी मागच्या रांगेत बसले होते. पुकारलेलं आडनाव ऐकून मला वाटलं, नवऱ्याला परत बोलावलं. उठले ते सासरे. लग्नाकार्यात घालायचा तो निळा ब्लेझर घालून आले होते. आपण कोणाचे वडील आहोत हे त्यांनी सांगितलं नाही. शांतपणे म्हणाले, "शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाचं खाणं तुम्ही कमी केलंत, तर ते गोळीला कळत नाही. ती तिचं काम करतच राहते. तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?" नवरा सगळा वेळ जमिनीकडे बघत होता. मला इतका संताप आला की पार्किंग लॉटमध्ये मी सासऱ्यांना हाकसुद्धा मारली नाही. हेच घरी चहा पिताना सांगता आलं नसतं का?

बोर्डाने प्रशिक्षणाला मंजुरी दिली आणि वर एक अट घातली. पेशंट डायबेटीसची औषधं घेत असेल, तर त्याचं खाणं बदलण्याआधी त्याच्या डॉक्टरशी बोलायचं, आणि औषधांना आपण हात लावायचा नाही. अट सासऱ्यांच्या बोलण्यातूनच आली होती, हे उघड होतं. ती बरोबर आहे हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून राग आणखी वाढत होता.

त्या दिवसापासून बापलेकांनी अबोला धरला. जे काही बोलणं व्हायचं ते सासूबाईंमार्फत. "त्याला म्हणावं, गाडीच्या इन्स्पेक्शनची मुदत संपतेय." "बाबांना सांग, त्यांचा स्नो ब्लोअर शनिवारी आणून देतो." एकाच खोलीत बसून दोघं त्यांना पोस्टमनसारखं राबवायचे. त्या कधी चिडल्या नाहीत. मला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी डोळे मिटायच्या आत हे दोघं एका टेबलावर बसून नीट बोलले ना, तर मला दुसरं काही नको."

नवऱ्याने प्रशिक्षण पूर्ण केलं तेव्हा सासूबाईंनी त्याचं सर्टिफिकेट देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. आणि जाहीर केलं की पहिली पेशंट मीच. भात बंद, पोळी बंद, बटाटा, साबुदाणा, आंबा बंद. नवऱ्याने आईसाठी अख्खी संध्याकाळ बसून सगळं समजावलं. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. शेवटी त्याने विचारलं, "आई, तू बाबांशी बोललीस ना? गोळ्यांचं डिस्कस केलंस?"

"हो रे. सांगितलं मी."

"मग? काय म्हणाले?"

"हं म्हणाले."

सासरे खरंच सगळ्याला हं म्हणायचे, त्यामुळे मला शंका आली नाही. बाकी प्रत्येक पेशंटच्या डॉक्टरला मी स्वतः फोन लावून द्यायची. पलीकडून कुणी येईपर्यंत नवरा ते कंटाळवाणं संगीत ऐकत थांबायचा, कुठेही चालढकल करायचा नाही. आईच्या बाबतीत मात्र फोन वडिलांनाच करावा लागला असता. तो त्याने केला नाही.

आणि सासूबाईंनी काहीही सांगितलेलं नव्हतं. एकाचं डाएट मोडलं तर तो दुखावणार, दुसऱ्याच्या गोळ्या कमी करायचं काढलं तर पुन्हा तो सुनावणीचा विषय निघणार. त्यांनी दोघांचंही मन राखलं. सकाळी वाटीतल्या सगळ्या गोळ्या घ्यायच्या आणि दिवसभर मुलाने सांगितलं तेवढंच खायचं. एवढा मोठा डॉक्टर घरात असून त्याला दिसलं कसं नाही, असं लोक मला विचारतात. त्या पिढीतले पुरुष बायकोच्या ताटात बघत नाहीत, बायको त्यांच्या ताटात बघते. सासूबाई त्यांना वाढून, त्यांचं झाल्यावर जेवायच्या.

सकाळची शुगर उतरायला लागली. मग काय, दोघंही खूश! सासरे मीटर बघून म्हणायचे, "बघ, गोळ्या वेळेवर घेतल्या की असं असतं." मग सासूबाई गुपचूप आम्हाला फोन करायच्या, आणि नवरा क्लिनिकमध्ये मला टाळी द्यायचा. आकडा दर आठवड्याला आणखी खाली जायचा आणि दोन्ही घरांत आणखी आनंद व्हायचा. मीसुद्धा त्या आनंदात होते.

पण चिन्हं दिसत होती. गार हवेत त्यांच्या कपाळावर घाम असायचा. त्या विनाकारण खेकसायच्या, आणि हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एकदा चहात दोनदा आलं घातलं आणि नंतर भांड्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या मुलीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, व्हाय आर यू शेकिंग?" मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बॉडी अ‍ॅडजस्ट होतेय, होईल ठीक." सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वय झालं तिचं." दोघांनीही मनापासून उत्तर दिलं, आणि दोघांच्याही उत्तराने मला बरं वाटलं.

मग संकष्टी आली. आपल्याकडे उपवास म्हणजे खिचडी, वरई, रताळ्याचा कीस, रोजच्यापेक्षा जडच जेवण. त्या जेवणावर सासूबाईंचं इतकी वर्षं गोळ्यांसकट निभावलं होतं. पण या वेळी रोजचं सगळं संकष्टीने बंद आणि उपवासाला चालणारं सगळं मुलाने बंद केलेलं. उरलं काय? ताक आणि मूठभर दाणे. गोळ्या मात्र त्यांनी सकाळी घेतल्याच. न घेतल्या तर वाटी भरलेली दिसली असती.

दुपारी मी फोन केला. त्यांनी उचलला आणि खूप वेळाने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मला त्या आपण म्हणाल्या. मी क्लिनिकची किल्ली शेजारच्या टॅक्सवाल्या काकांकडे टाकली आणि निघाले. दार सासऱ्यांनी उघडलं, ओठांवर बोट ठेवून. "झोपलीये. उपवास आहे ना, थकली असेल. मीच पांघरूण घातलं आत्ता. उठवू नकोस." मी त्यांना बाजूला सारून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या अंगाला हात लावून त्यांना बाजूला केलं. सासूबाईंची उशी भिजून चिंब झाली होती आणि दातखीळ बसली होती. मागून आलेल्या सासऱ्यांनी एकदाच बघितलं आणि ओरडले, "साखर आण, साखर!"

अ‍ॅम्ब्युलन्स आली. नवरा थेट हॉस्पिटलमध्ये पोहोचला. इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना एकदमच विचारलं, "त्या कुठली औषधं घेतात, आणि कालपासून काय खाल्लंय?"

सासऱ्यांनी गोळ्यांची नावं सांगितली, डोससकट. नवऱ्याने आईचं खाणं सांगितलं. आणि एकमेकांचं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. सासरे मुलाकडे वळून म्हणाले, "तू तिचं जेवण बंद केलं होतंस?" नवरा म्हणाला, "तुम्ही हं म्हणालात ना?" सासरे म्हणाले, "मला कोणी काही विचारलंच नाही." कितीतरी महिन्यांनी दोघं एकमेकांशी थेट बोलत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सासूबाई वाचल्या. पण त्या दुपारी मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती, आणि ते भरून निघत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या चालतात, कपड्यांच्या घड्या घालतात, देवाला फूल वाहतात. बोलणं बरंच गेलंय. आम्ही आता त्यांच्याच घरी राहायला आलोय.

रोज सकाळी सासरे आणि नवरा जेवणाच्या टेबलाशी बसतात. परवा सासरे म्हणाले, "आज अर्धीच गोळी देतोय. दुपारी भात किती द्यावा, तुला काय वाटतं?" नवरा म्हणाला, "बाबा, एक वाटी. आणि चारला काहीतरी परत देऊ या." सासरे म्हणाले, "बरोबर आहे तुझं." त्यांनी मुलाला बरोबर म्हटलेलं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं.

मी भरल्या डोळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या दोघांच्या मधोमध बसल्या होत्या, समोरच्या बशीतला उपमा खात. त्यांनी मान वर केली नाही. बशी संपल्यावर ती माझ्यापुढे सरकवली आणि आणखी मागितला.