जाऊबाईंना काही विकून दाखवा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना विकता येईल अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. नव्वदच्या दशकात बंगळूरला घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. टाय बांधलेली, घामानं डबडबलेली पोरं मोपेडवरून यायची आणि पाणी गाळायचं यंत्र, न चिकटणारे तवे, ज्ञानकोशाचे जाडजूड खंड असं काहीबाही आमच्या गळ्यात मारून जायची. माझ्याकडे गाजर सात प्रकारांनी किसणारं एक यंत्र अजून माळ्यावर आहे. जे. पी. नगरमधल्या आमच्या क्रॉसवर, म्हणजे आपल्या भाषेत गल्लीत, एकही घर यातून सुटलं नाही. पण हीच पोरं पुढच्या क्रॉसवर जाऊबाईंच्या दारी गेली की बाहेर येताना त्यांच्या हातात सगळा माल जसाच्या तसा असायचा आणि पोटात उपमा.

जाऊबाईंना सगळा भाग अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्कांचं तंत्र साधं होतं. त्या कुणालाच नाही म्हणत नसत. दारातून माणूस परत पाठवणं हे त्यांच्या मते माणुसकीला धरून नव्हतं. नवरात्र उलटलं की त्या व्हॅक्यूम क्लीनरवाल्याची माहेरच्या माणसासारखी वाट बघत. तो आला की आधी सोफा, मग गाद्या, मग पडदे, असं प्रात्यक्षिक सुरू व्हायचं. "पंख्यावरची धूळ निघते का हो यानं?" अक्का भाबड्या चेहऱ्यानं विचारत. तो बिचारा स्टुलावर चढे. "आणि माळ्यावरची?" तो माळ्यावर चढे. दिवाळीची सगळी साफसफाई झाली की अक्का त्याला फिल्टर कॉफी देत, त्याच्या बहिणीचं लग्न जमलं का ते विचारत आणि मग ठेवणीतलं वाक्य काढत, "सरी, यजमानरु टूरिंद बरली, केळि हेळ्तीनी." बरं, यजमान दौऱ्यावरून येऊ देत, विचारून सांगते. यजमान, म्हणजे आमचे भावजी, त्या वेळी आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. विक्रेता घरात असेपर्यंत खोकायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. गंमत म्हणजे या पोरांचा अक्कांवर कधी राग नसे. एकानं तर स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. अक्का त्या लग्नाला जाऊन, जेवून, आहेर करून आल्या, पण तवा काही घेतला नाही.

भावजी सरकारी कारखान्यात इंजिनियर असल्यामुळे खरेखुरे दौरेही पुष्कळ असत. दौऱ्यावर निघताना अक्का त्यांच्या बॅगेत घरच्या साबणाची अर्धी वडी डबीत घालून देत. हॉटेलातला साबण उघडायचा नाही, तो घरी आणायचा. शाम्पूच्या बाटल्या, सुईदोऱ्याची पाकिटं, कंगवे, शॉवर कॅप, सगळं. ही चोरी आहे असं कुणी सुचवलं तर अक्का दुखावल्या जात. "खोलीच्या भाड्यात धरलेलं असतं गं ते. आपण नाही आणलं तर आपलंच नुकसान." शॉवर कॅपचा त्यांनी लावलेला उपयोग तर हॉटेलवाल्यांनी बघायला हवा होता. त्यांच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याला टोपी, आमटीला टोपी, भिजवलेल्या मटकीला टोपी. पावसात भावजींच्या स्कूटरच्या सीटलाही टोपी. आणि वर्षभर साठलेले साबण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले जायचे. शेजारच्या कानडी बायका एळ्ळु-बेल्ल म्हणजे त्यांचा तिळगूळ घेऊन यायच्या आणि जाताना मद्रासच्या, भोपाळच्या, कुठल्या कुठल्या हॉटेलाचं नाव कोरलेली वडी घेऊन जायच्या. माझ्या घरी दोन-दोन वर्षं साबण विकत आणावा लागला नाही, हे इथे कबूल केलेलं बरं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा पुतण्या, कॉम्प्युटरचं शिकून सिंगापूरला गेला आणि तिथेच रमला. दर सुट्टीत येऊन तो एकच विषय काढायचा. घर विका आणि माझ्याकडे या. अक्का सगळं ऐकून घ्यायच्या आणि त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढायच्या. मग एके दिवशी त्यानं आम्हा चौघांना, म्हणजे अक्का-भावजींना, मला आणि आमच्या ह्यांना, सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं पाठवली. तीन रात्री समुद्रावर, खाणंपिणं सगळं त्यात. मला मात्र त्यानं फोनवर आधीच फितवलं होतं. "काकू, यंदा बाबांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. मला कळलं तोवर बाबा घरी येऊन इडली खात होते. मी एवढ्या लांब बसून काय करू? बोटीवर मी आईशी नीट बोलणार आहे. तू जरा तिला तयार कर ना." मी "बघते" म्हटलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला ते नको होतं. अक्का गेल्या तर बंगळूरात मी भांडायचं कुणाशी, आणि भांडून झाल्यावर कॉफीला जायचं कुणाकडे?

बोटीवर पाऊल ठेवल्यावर लोक समुद्र बघतात. अक्का थेट केबिनच्या न्हाणीघरात गेल्या. मी शेजारच्या केबिनमध्ये बॅगा लावत होते, तेवढ्यात त्यांची हाक आली. जाऊन बघते तर अक्का न्हाणीघराच्या मधोमध कमरेवर हात देऊन उभ्या. साबण नाही, टूथपेस्ट नाही, कंगवा नाही, सुईदोरा नाही, टोपी नाही. भिंतीला पक्की ठोकलेली एक डबी तेवढी होती. दाबली की त्यातून हिरवा रस गळायचा. डोक्यालाही तोच आणि अंगालाही तोच, असं वर लिहिलेलं होतं. "मग भांड्यांनाही हाच असणार," अक्का म्हणाल्या. त्यांनी सगळे खण उघडून पाहिले, उशा उचलून पाहिल्या आणि खोली आवरणाऱ्या माणसाला बोलावून बाकीचं सामान कुठे आहे ते विचारलं. तो गोड हसून म्हणाला, "शॉपमध्ये, मॅडम." त्या दुकानात टूथपेस्टची एवढीशी नळी सोन्याच्या भावानं मिळत होती. जेवायला बोलवायचं आणि मीठ विकत द्यायचं, असला हा प्रकार, असं अक्कांनी जाहीर केलं आणि आपली बॅग उघडली. हॉटेलचं घरी न्यायचं आणि घरचं वापरायचं, या नियमामुळे त्यांच्याकडे चौघांना पुरून उरेल एवढी सामग्री होतीच.

बाकीचे प्रवासी मात्र बोटीवर सगळं मिळेल अशा भरवशावर आले होते. त्यात सगळ्यात पुढे माझा पुतण्या. पहिल्याच सकाळी तो कोरडा ब्रश घेऊन आईच्या दारात उभा राहिला. एवढा मोठा साहेब, पण अक्कांनी त्याला नळी हातात दिली नाही. स्वतः दाबून ब्रशवर पेस्ट लावून दिली. समोरच्या केबिनमध्ये नागपूरचं एक नवं जोडपं होतं, त्यांनी हे पाहिलं. मग त्यांनीही ब्रश पुढे केले. पलीकडच्या गुजराती कुटुंबानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर बोटीच्या गालिचा घातलेल्या त्या चकचकीत बोळात हातात ब्रश घेतलेल्या माणसांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी नऊवारी नेसलेल्या अक्का तीर्थ द्यावं तशी पेस्ट देताहेत. "स्वल्पच हं, सगळ्यांना पुरायला हवी!" पुतण्या लाजेनं लाल झाला होता, पण रांगेत तोही होता.

दुकानाचं असं नुकसान केल्यावर अक्का बोटीवरच्या बाकीच्या विक्रेत्यांकडे वळल्या. तिथे तर पावलोपावली कुणी ना कुणी टपलेलं असे. कुणी फोटो काढी, कुणी मनगटावर अत्तर उडवी, कुणी घड्याळ बांधून बघायला सांगे. भोंग्यातून दर थोड्या वेळानं घोषणा होई की अमुक गोष्ट फक्त आजच, फक्त बोटीवरच. मी दोनदा फसले, आमचे हे तीनदा. अक्कांनी मालिशवाल्या मुलीकडून एक हात फुकट चोळून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा हात घेऊन गेल्या. वर भावजींचे गुडघे दाखवले. त्या मुलीनं महिनाभराचं तेल घ्या म्हणून गळ घातली, तेव्हा अक्का इंग्रजीत म्हणाल्या, "हजबंड ऑन टूर." "पण हे काय, हे तर इथेच आहेत!" मुलगी म्हणाली. तोवर भावजी गुडघे झाकून समुद्र बघायला निघून गेले होते. इतक्या वर्षांची सवय ती.

शेवटच्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला पुतण्यानं आम्हाला वरच्या डेकवर बसवलं आणि पिशवीतून रंगीत चित्रांची एक पुस्तिका काढली. ती त्याच्याच इमारतीतल्या एका रिकाम्या फ्लॅटची होती. तो बोलायला लागला. हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे, महाराष्ट्र मंडळ आहे, भाजीवाल्याकडे कढीपत्तासुद्धा मिळतो. अक्का जिवाचे कान करून ऐकत होत्या. "स्वयंपाकघरात ऊन येतं का रे?" येतं. "पापड कुठे वाळवायचे?" गॅलरीत. "तुळस?" तीही गॅलरीत. "आणि शेजारी?" तमिळ आजी आहेत एक, फार चांगल्या. पोरानं एका प्रश्नालाही अडखळू नये एवढी तयारी केली होती. तो थांबला आणि आईकडे बघत राहिला. अक्कांनी कप खाली ठेवला, आणि त्यांच्याही नकळत त्यांच्या तोंडून निघालं, "सरी, यजमानरन्न केळि हेळ्तीनी." आणि भावजी, तेही नकळत, उठून कठड्याकडे चालू लागले.

मी फस्सकन हसले. पुतण्याही हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

"आई, मी सेल्समन नाही गं," तो म्हणाला. "दर सुट्टीत मी येतो. तू जेवायला घालतेस, सगळं ऐकून घेतेस आणि मला असंच परत पाठवतेस."

भोंग्यातून घड्याळांवर निम्मी सूट जाहीर झाली. भावजी कठड्यापाशी पाठमोरे थांबले होते, त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सेल्समन असतास तर सोपं होतं रे राजा," त्या म्हणाल्या. "आपण घेतलं नाही तर तो पुढच्या घराची बेल वाजवतो. तू कुणाची वाजवणार?"

पुतण्यानं पुस्तिका मिटली आणि पिशवीत ठेवून दिली. बंगळूरला परतेपर्यंत तो विषय निघाला नाही.

परत आल्यावर काही दिवसांनी अक्का दुपारी माझ्याकडे आल्या. अवरेकाळूचा, म्हणजे आपल्याकडच्या पावट्याच्या भावकीतल्या दाण्याचा मोसम होता. मी परातभर शेंगा घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. अक्का समोर बसून सोलायला लागल्या. माझी सोलायची पद्धत चुकीची आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. थोड्या वेळानं खाली बघतच त्यांनी विचारलं, "तू सांग गं. जाऊ का आम्ही?"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून अक्कांनी मला शेकडो गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलेली ही पहिली. माझ्याकडे नको म्हणायची कारणं हवी तेवढी होती. इथलं घर, इथली माणसं, त्या वयात परकी भाषा. एखादं जरी बोलले असते तरी त्या थांबल्या असत्या असं मला अजून वाटतं. पण ब्रश घेऊन दारात उभं राहिलेलं ते पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"जा, अक्का," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "लगेच म्हणालीस गं."

मी मान खाली घालून सोलत राहिले. अजून थोडी थांबले असते तर "नका जाऊ" म्हणाले असते, म्हणून लगेच म्हणाले. हे त्यांना सांगायचं त्या दिवशी राहिलं. पुढे सामान बांधलं, घर गेलं, विमानतळावर मिठ्या मारून झाल्या, आणि ते राहूनच गेलं.