फुग्यांची बंदूक

सावळाराम भोरमधल्या एका पेढीवर पहारेकरी होता. पहारेकरी म्हणजे काय, तर बाजाराच्या दिवशी पैशांची पेटी एसटीनं वेल्ह्याला न्यायची, मांडीवर बंदूक आडवी घेऊन तिच्या शेजारी बसायचं आणि घाटात डुलकी येऊ द्यायची नाही. उरलेले दिवस पेढीच्या दारात स्टुलावर. बंदूक जुनी, दुनळी, वजनाला भलतीच जड. तिच्या पट्ट्यानं त्याचा उजवा खांदा कायमचा खाली गेला होता. खंडेनवमीला थोरले मालक तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे आणि सावळारामला एक बार हवेत काढायला लावायचे. वर्षभरात तिचा तेवढाच आवाज. आभाळावर मारलेली गोळी चुकते कशी? त्यामुळे आपला नेम कसा आहे हे खुद्द सावळारामलाही ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या वर्षी थोरले मालक गेले आणि त्यांचे चिरंजीव आनंदराव गादीवर बसले. पुण्यात शिकलेला पोरगा, बोलायला गोड. त्यानं दुनळी मोडीत काढली, बारीक गोळीची नवी रायफल आणली आणि सावळारामला बोलावून सांगितलं, "दिवाळीनंतर माळावर चांदमारी घेऊ. निशाण लागलं तर तुम्हीच राहा. नाही लागलं तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल. रागावू नका हं."

"सरावाला काडतुसं मिळतील का, मालक?"

"महाग आहेत हो फार. घरीच काहीतरी बघा ना."

घरी काय बघणार? सावळाराम थकला होता, हे खरं. पण या वयात दुसरं काम कोण देणार? पोटापाण्याचा प्रश्न होता. तो बायकोपाशी बोलला. अंजनानंच तोड काढली. तिचा भाऊ गेनू कामथडीचा. जत्रांतून फुग्यांचं दुकान लावायचा. फळीवर फुगे टांगलेले, छर्ऱ्याची हवाबंदूक, फुगा फोडला की कंगवा नाहीतर आरसा बक्षीस. पावसाळ्यात जत्रा नसतात, बंदूक घरात पडूनच असते. गेनूनं ती पोत्यात गुंडाळून आणून दिली आणि डबीभर छर्रेही दिले.

"मारा दाजी हवं तेवढं," तो म्हणाला. "पर फोडाया फुगं मागू नगा."

मग परसात सराव सुरू झाला. गवत भरलेलं पोतं भिंतीला टेकवून त्यावर चुन्याचा ठिपका काढला. दुपारी पेढी जेवणासाठी बंद झाली की सावळाराम घरी यायचा, भाकर खायचा आणि बाजेवर कोपर टेकून बसायचा. नळीच्या टोकाला माशी असते, तांदळाएवढी. ती ठिपक्यावर धरायची, श्वास रोखायचा, चाप ओढायचा. छर्रा ठिपक्याच्या डावीकडे. पुन्हा मारला, पुन्हा डावीकडेच.

"अवो, नीट बगून मारा की," चुलीपाशी बसून अंजना म्हणायची.

"बगूनच मारतोय. डोळाच गेलाय माजा. कडंला वडतोय."

खांदा गेला होता, गुडघे गेले होते, आता डोळाही. पण वर्षानुवर्षं स्टुलावर बसलेल्या माणसाकडे एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे चिकाटी. डोळा डावीकडे ओढतो ना, मग आपण माशी उजवीकडे धरू. दोन बोटं उजवीकडे धरली आणि छर्रा ठिपक्यात बसला. सगळा पावसाळा त्यानं हेच केलं. दसऱ्यापर्यंत हात इतका बसला, की विचार न करता नळी आपोआप दोन बोटं सरकायची आणि ठिपक्याचा चुना उडायचा. अंजनानं कौतुकानं तुळशीजवळ उदबत्ती लावली. सावळारामही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

चांदमारीच्या दिवशी माळावर आनंदराव, पेढीचे कारकून आणि तमाशा बघायला आलेले चार रिकामटेकडे होते. निशाण लांब होतं. रायफल हलकी, सरळ, नवी कोरी. सावळाराम पालथा झाला, माशी निशाणावर आणली आणि सवयीनं दोन बोटं उजवीकडे सरकवली. दिलेल्या सगळ्या गोळ्या त्यानं शांतपणे झाडल्या. जवळ जाऊन बघतात तर निशाण कोरं. गोळ्या सगळ्या उजवीकडच्या मातीत, एकाच ठिकाणी.

आनंदरावानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वय झालं की डोळ्यांचं असंच होतं. वाईट वाटून घेऊ नका." आणि रायफल काढून घेतली.

गेनू बंदूक न्यायला आला तेव्हा सावळाराम परसात नुसताच बसला होता. अंजनानं रडत सगळी हकीकत सांगितली. गेनूचा चेहरा उतरला.

"अवो दाजी, माशी वाकडी हाय तिची. म्याच ठोकून वाकडी केलीय. समद्यांचंच फुगं फुटाय लागलं तर म्या खाऊ काय? मला वाटलं, तुमी बंदुकीची मानसं, तुमास्नी दिसंलच."

सावळाराम त्याच्यावर ओरडलासुद्धा नाही. ओरडायलाही अंगात जीव लागतो. दुसऱ्या दिवशी तो हे सांगायला आनंदरावाकडे गेला, पण पेढीच्या दारात स्टुलावर नवा माणूस बसलेला दिसला. तो तसाच मागं फिरला.

शेवटी गेनूच्याच दुकानात तो कामाला लागला. काम सोपं होतं. गिऱ्हाईक कुरकुरलं, "बंदूक वाकडी हाय तुमची," की सावळारामनं पुढं व्हायचं, बंदूक घ्यायची आणि पटापट फुगे फोडून दाखवायचे. त्या बंदुकीनं फुगा फोडणारा मुलखात तो एकटाच. गिऱ्हाईक ओशाळायचं. गेनू खूश असायचा. सावळारामला दरवेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण संध्याकाळी भाकर मिळायची.

शिवरात्रीला नसरापूरच्या जत्रेत एक एसटीचा ड्रायव्हर आला. पोरीला आरसा हवा होता म्हणून मारत राहिला, एकही फुगा फुटला नाही. सावळारामनं नेहमीप्रमाणे फोडून दाखवले. ड्रायव्हर हसला नाही. डोळे चोळत बाजूला झाला आणि बायकोला हळूच म्हणाला, "पुढच्या म्हैन्यात डोळ्यांची तपासनी हाय. सांगूनच टाकतो सायबास्नी, आता गाडी न्हाई जमायची म्हनून."

सावळारामनं बंदूक फळीवर ठेवली.

"पावनं, थांबा," तो सगळ्या गर्दीदेखत म्हणाला. "डोळं चांगलं हाईत तुमचं. माशी वाकडी हाय हिची."

गर्दीत एकच गलका झाला. गेनू तोंड लपवून फुगे काढायला लागला. काढता काढता पुटपुटला, "दाजी, खायचं काय आता?"

सावळाराम ड्रायव्हरच्या पोरीला आरसा देत होता.