खटका वाजला होता

चेकरकाकांच्या तोंडून ‘ठीक आहे’ हे शब्द कुणी ऐकले नव्हते. अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्या. आमटी कशी झाली, असं काकूंनी विचारलं की उत्तर ‘पास’ किंवा ‘नापास’ असं येई, आणि नापास असेल तर कारणासह. “नापास. मीठ उकळी आल्यावर घातलंस.” एका कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी तयार मालाची तपासणी केली होती. त्यांच्या हातून गेलेला नग परत आला नाही, हे त्यांच्याबरोबर काम केलेली माणसंही सांगत. इमारतीत कुणी ‘ठीक आहे’ म्हटलं की ते थांबवून विचारत, “म्हणजे किती?”

निवृत्तीनंतर इमारतीतले मिक्सर, इस्त्र्या, दारावरच्या घंटा त्यांच्याकडे येऊ लागल्या. प्रत्येक वस्तूला ते सुतळीने पुठ्ठ्याचा टॅग बांधत, हिरवा किंवा लाल. लाल टॅगवर दोन ओळी असत: दोष आणि कारण. कारणाची ओळ भरल्याशिवाय वस्तू त्यांच्या घरातून हलत नसे. माझी इस्त्री त्यांच्याकडे नऊ दिवस होती. तार बदलली असती तर ती पहिल्याच दिवशी चालू झाली असती, असं मी म्हणालो. “झाली असती,” काका म्हणाले. “पण का बंद पडली, ते तुला कळलं असतं का?” मला ते कळून घ्यायचं नव्हतं. मी नऊ दिवस चुरगळलेले शर्ट घालून कामावर गेलो.

त्यांची मुलगी माधवी इमारतींची चित्रं काढायला शिकली होती. अजून न बांधलेली इमारत संगणकावर उभी करायची, तिच्यात ऊन, झाडं, माणसं घालायची आणि पाहणाऱ्याला आतून फिरवून आणायचं, असं ते काम. तिचा संगणक बापलेकीने मिळून घरीच जोडला होता. सुटे भाग उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून, एका सिंधी शेठच्या दुकानातून आणले होते. प्रत्येक भागाला हिरवा टॅग होता. माधवी टॅगांवरून हसायची, पण काढायची नाही.

त्या वर्षी नवरात्रात मुंबईच्या एका कंपनीने तिला चाचणीचं काम दिलं. एका इमारतीची तीन मिनिटांची फिरती चित्रफीत, मुदत दहा दिवस. पसंत पडली तर नोकरी. तिच्या संगणकाला एवढं काम झेपणारं नव्हतं, म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते आलं खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमीला काका आपली मापं पुजत. व्हर्निअर, मायक्रोमीटर, स्क्रू ड्रायव्हरचा संच, सगळं पाटावर मांडत. त्या दिवशी कार्डही पाटावर आलं आणि शेजारी झाकण काढलेला संगणक. पूजेआधी काकांनी कार्ड बसवायचा खाचा बॅटरीच्या उजेडात तपासला आणि वहीत ‘पास’ लिहिलं. मग हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. आरती झाल्यावर कार्ड खाच्यात दाबलं. खटका वाजला. “बसलं,” काका म्हणाले.

संगणक चालू केला. कार्डाचे पंखे फिरले, दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

पुढचे दिवस मी येता-जाता पाहिले. काकांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पडद्याची केबल बदलली, संगणक चालू केला, दहा मिनिटं वाट पाहिली, वहीत नोंद केली, बंद केला. मग वीजपुरवठ्याची तार. मग मेमरीच्या पट्ट्या, एकेक. मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून पुन्हा बसवला. कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले. प्रत्येक वेळी कार्ड परत दाबलं आणि प्रत्येक वेळी खटका वाजला. कार्ड काढलं की संगणक जुन्यासारखा चालायचा. तेवढ्या वेळात माधवी तिचं काम पुढे ढकलायची, पण एकेक चित्र तयार व्हायला दहा-दहा मिनिटं लागत होती, आणि तीन मिनिटांच्या फितीत अशी हजारो चित्रं असतात. तिने एका कागदावर गुणाकार केला आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. काकांनी तो वाचला. म्हणाले, “गुणाकार पास.”

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, दुकानात नेऊ या ना. बदलून देईल तो.”

“कार्ड खराब आहे, हे कुठं सिद्ध झालंय?”

“मग नाही होत सिद्ध! मला चालू कार्ड पाहिजे, बाबा. कारण नकोय मला.”

काकांनी वहीचं पान उलटलं. काकू मध्ये पडल्या, म्हणाल्या, “तिचं ऐका की जरा. तुमचा कारखाना नाहीये हा.” काका म्हणाले, “म्हणूनच म्हणतो. कारखान्यात निदान दुसरा चेकर असायचा.”

सहाव्या दिवशी काका कार्ड पिशवीत घालून कॅम्प तीनला गेले. शेअर रिक्षात मी त्यांच्याबरोबर होतो, माझं तिथे काम होतं. शेठने कार्ड पाहिलंसुद्धा नाही. फळीवरून दुसरा खोका काढून पुढे सरकवला. “साईं, दूसरा ले जाओ. वापस में क्या टेन्शन?” काकांनी खोका परत सरकवला. “दोष सापडल्याशिवाय माल परत करायचा नसतो, शेठ. उद्या तुम्ही हेच दुसऱ्याला विकाल.” शेठने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. आपण तेव्हा तो खोका उचलायला हवा होता, असं पुढे मला पुष्कळदा वाटलं. त्याने काही झालं नसतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दहाव्या दिवशी माधवीने जेवढं झालं होतं तेवढं पाठवलं: अडतीस सेकंद, झाडांशिवाय. आणखी दोन दिवस मागितले. पलीकडून एक बाई सौम्यपणे म्हणाल्या, पुढच्या वेळी नक्की विचार करू. फोन स्पीकरवर होता. काका तेव्हा सत्ताविसावी नोंद लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, “पेटी उचलायला येशील का?” आम्ही आख्खा संगणक रिक्षात घालून शेठकडे नेला. शेठने झाकण काढलं, कार्ड उपसलं आणि खाच्यात बॅटरी मारली. मग जुना टूथब्रश घेतला, चिमटा घेतला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

“काका, ये तो चावल है.”

चिमट्यात कुंकवाने लाल झालेली तांदळाची कणी होती. कार्ड एका टोकाला जेमतेम मिलिमीटरभर वर राहत होतं. खटका दुसऱ्या टोकाला होता, तो आपला वाजत होता. शेठने कार्ड पुन्हा बसवलं, संगणक चालू केला आणि पडद्यावर चित्र आलं. त्याने कणी टाकून दिली नाही. बिलाच्या कोऱ्या कागदाची पुडी करून ती काकांच्या हातात दिली. “पूजा का है. फेंकना मत.”

परतताना काका पेटीवर हात ठेवून बसले होते. रिक्षा अंबरनाथच्या हद्दीत शिरल्यावर एकदाच म्हणाले, “खाचा मी पूजेच्या आधी पास केला होता. पास केलेलं मी परत बघत नाही.” हे ते मला सांगत होते की स्वतःला, ते कळलं नाही.

घरी त्यांनी माधवीला सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. तिने पुडी उघडून पाहिली. ती रडली नाही, चिडलीही नाही. “म्हणजे कार्ड चांगलं होतं,” एवढंच म्हणाली. ते कार्ड पुढे उत्तम चाललं, पण त्याच्यावर करण्यासारखं काम तिच्याकडे परत आलं नाही. दोन-तीन ठिकाणी तिने ते अडतीस सेकंद पाठवले. झाडं का नाहीत, असं सगळ्यांनी विचारलं. माघ संपता संपता ती चिखलोलीला एका नव्या गृहप्रकल्पाच्या साइट ऑफिसमध्ये लागली. येणाऱ्यांना नमुन्याचा फ्लॅट दाखवायचा आणि त्यांचे फोन नंबर लिहून घ्यायचे.

काकांनी टॅग बांधणं बंद केलं. कुणी मिक्सर घेऊन आलं तर दारातूनच सांगत, “दुकानात ने.” काकू ताट वाढून मुद्दाम विचारत, “आज पास का?” काका जेवत राहत. काकूंनी एकदा आमटीत मीठच घातलं नाही. ती त्यांनी संपवली. हे मला काकूंनी जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडाशी नेला.

काका वारले त्याच्या दोन महिने आधी मी चिखलोलीला फ्लॅट पाहायला गेलो होतो. काकांना आग्रहाने बरोबर नेलं. पूर्वी फ्लॅट घेणारे लोक त्यांना मुद्दाम नेत. ते टाइल्स ठोकून पाहत, नळ सोडून मिनिटं मोजत. माधवीने आम्हाला पाणी दिलं. तिच्या खुर्चीमागे भिंतभर चित्र होतं: चौदा मजली इमारत, बाग, चालणारी माणसं. कुणीतरी दुसऱ्याने केलेलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे बघा ना. पास की नापास?”

तिच्या आवाजात जुनी थट्टा होती, किंवा मला तसं वाटलं. काका उठले, चष्मा पुसला, चित्राजवळ गेले. त्यांचं बोट झाडाच्या सावलीवरून डावीकडे गेलं. मग इमारतीच्या सावलीवर आलं आणि उजवीकडे सरकलं. तिथे थांबलं. मलासुद्धा दिसलं. त्या चित्रात ऊन दोन बाजूंनी येत होतं. माधवी रोज त्याच्याकडे पाठ करून बसत होती. ती वडिलांकडे बघत राहिली. ते बोलतील, म्हणून थांबली होती.

काकांनी बोट खाली घेतलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

माधवीने रिकामे पेले उचलले आणि मला विचारलं, “फ्लॅट कितव्या मजल्यावरचा बघायचाय?”