तोंडात हात घालायची परवानगी

गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत, आणि तिला त्या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत प्लास्टर कालवायला लागली, ती बावीस वर्षं तिथंच राहिली. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. टेबलावर मेणाच्या वड्या, बारीक कानशी, स्पिरिटचा दिवा, आणि फळीवर ओळीनं मांडलेले पांढऱ्या प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं घातलेला नंबर. माणसं तिला दिसत नसत, नंबर दिसत. तरी घरी जाऊन ती नवऱ्याला सांगे, "आज बासष्ट नंबरची जुनी कवळी आली होती, डावीकडे पार झिजलेली. बिचारा एकाच बाजूनं चावतो." नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. तो म्हणे, गाडीही एकाच बाजूनं झिजली की समजावं, रस्ता वाईट आहे.

कायदा असा होता की कवळी कुणीही बनवावी, पण माणसाच्या तोंडात हात घालायचा तो पदवीवाल्या दंतवैद्यानंच. डॉक्टर मऊ लगद्यात हिरड्यांचं माप घेई, ते मागच्या खोलीत येई, ती त्यावरून साचा ओती, मेणात एकेक दात लावी आणि पक्की झालेली कवळी घासूनपुसून डबीत घालून पुढे पाठवी. पुढे तीच डबी पाचपट किमतीला उघडत असे. कवळी चांगली बसली तर डॉक्टरांच्या हाताला गुण, टोचली तर मागची बाई बिनडोक.

एकदा एक निवृत्त मास्तर मागच्या दारानं आले. जेवताना डोळ्यांत पाणी येतं म्हणाले. तीनदा ते पुढच्या दारानं जाऊन आले होते, तिन्ही वेळा 'सवय होईल' हे औषध घेऊन. तिनं त्यांना आ करायला लावला, हिरडीवरून बोट फिरवून टोचतं कुठं ते पाहिलं आणि दोन मिनिटं कानस मारली. मास्तरांनी खिशातला पावाचा तुकडा काढला आणि दारातच उभ्याउभ्या चावत राहिले. चावत होते आणि तिच्याकडे बघत होते.

मास्तरांचं तोंड बरं झालं आणि त्याच तोंडानं ते गावभर सांगत सुटले. मागच्या दाराशी माणसं यायला लागली. चार महिन्यांत तक्रार झाली. चौकशी करणाऱ्या दंत परिषदेत सात जण होते, सातही दंतवैद्य, आणि त्यांतल्या दोघांचे दवाखाने त्याच रस्त्यावर. शेताला कुंपण घालतात ते राखणीला. इथं कुंपणाला भूक लागली होती. तिला दंड झाला, तिच्या कानशी आणि साचे तीन महिने मोहोरबंद झाले, आणि पुन्हा असं केलं तर तुरुंग, असा कागद हातात पडला. डॉक्टरनं तिला कामावरूनही काढलं. मग ती घरच्या मागच्या पडवीत टेबल टाकून इतर दवाखान्यांची कामं करू लागली.

त्याच सुमारास तिची नणंद नवऱ्यामागं एकटी पडली आणि भावाकडे राहायला आली. हिरड्यांच्या दुखण्यानं तिचे सगळे दात काढावे लागले होते. ती एका दंतवैद्याकडे जाऊन आली, त्यानं आकडा सांगितला, आणि ती उठून घरी आली. घरात कवळ्या करणारी बाई आणि घरातल्याच माणसाच्या तोंडाचं बोळकं! कवळीबाई म्हणाली, दार लावून घेऊ, मी माप घेते. नणंदच ऐकेना. "वहिनी, माझ्या दातांपायी तू तुरुंगात गेलीस तर तिथं तुला डबा कोण पोचवणार?" असं म्हणून ती हसली. चार वर्षं ती तोंडावर पदर धरूनच हसत होती.

आणि मग एक सल्लागार आला. पस्तिशीचा, बोलायला गोड, काखेत फायली. सरकारनं लोकांच्या धंद्यात लुडबुड करू नये असं मानणारी एक संस्था होती, तिचा हा माणूस. परिषदेच्या निकालांत त्याला हिचं प्रकरण सापडलं होतं. त्यानं अर्धा तास समजावलं की असले परवाने गिऱ्हाइकाच्या रक्षणाचं नाव सांगतात आणि रक्षण करतात ते धंदेवाल्यांच्या मिळकतीचं. दार मोकळं करा, चार जण आत येऊ द्या, भाव उतरतील, वाईट काम करणारा आपोआप उपाशी मरेल.

"एवढं कळायला तुम्हाला एवढ्या फायली लागल्या?" कवळीबाई म्हणाली. पण तिला तो आवडला. एवढ्या वर्षांत तिच्या कामाबद्दल तिला कुणी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतं.

त्यानं तिचा फोटो काढला, कानस हातात धरलेला. तो मास्तरांच्या गोष्टीसकट वर्तमानपत्रात आला. मग कायदा बदलायचा की नाही ते ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे तिची साक्ष झाली. तिनं मास्तरांची गोष्ट सांगितली, नणंदेची सांगितली. समितीतले लोक माना डोलवत होते. मग दंत परिषदेचे अध्यक्ष उठले. पांढऱ्या केसांचा, शांत माणूस.

"तोंडात गाठ असेल, वाईट जखम असेल, तर तुम्हाला ओळखता येईल का?"

तिनं थोडा विचार केला. "नाही ओळखता येणार," ती म्हणाली. "मला हिरड्या कळतात, रोग कळत नाहीत. आम्हाला शिकवा, परीक्षा घ्या. आम्ही देऊ."

बाहेर आल्यावर सल्लागार तिच्यावर रागावला. सभ्यपणे, पण रागावलाच. परीक्षेचं नाव कशाला काढलंत? परीक्षा आली की ती कोण घेणार, हेच सात जण. पहिल्या वर्षी तिचा अभ्यास तीन महिन्यांचा असेल, दहाव्या वर्षी चार वर्षांचा, आणि मग दार परत बंद. त्याचंही खोटं नव्हतं. तिनं ते दार आतून पाहिलं होतं. ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला पुढे फार दिवस चावलं.

कायदा बदलला. परवाना नाही, परीक्षा नाही, ज्याला जमेल त्यानं कवळी करावी आणि बसवावी. पारख गिऱ्हाईक करील. पंधरा दिवसांत तिनं रस्त्यावरचा गाळा घेतला. मोठी काच, खुर्ची, हातात धरायचा आरसा. पहिली कवळी अर्थात नणंदेची. तिचं माप कवळीबाईनं दोनदा घेतलं. एवढ्या वर्षांत आधी माप आणि मग माणूस असंच चाललं होतं, माणूस आधी कधी आला नव्हता. कवळी बसल्यावर नणंदेनं आरशात स्वतःकडे पाहिलं, मग पदर खाली घेतला आणि सफरचंद मागवून बियांपर्यंत खाल्लं. संध्याकाळी डेपो सुटला की नवरा गाळ्यात यायचा आणि ग्रीसचे हात धुऊन कवळ्यांना पॉलिश करत बसायचा. ती दोन वर्षं त्यांच्या आयुष्यातली चांगली वर्षं.

तिसऱ्या वर्षी समोरच मोठं दुकान उघडलं. अशी त्यांची साठ दुकानं होती. तोंडात कॅमेरा फिरवायचा, माप कॉम्प्युटरवरून कुठल्यातरी कारखान्यात जायचं, दुसऱ्या दिवशी कवळी हजर, आणि भाव हिच्या निम्म्यानं. गिऱ्हाइकं तिकडे वळली. याचं तिला दुःख झालं, पण ती कुरकुरली नाही. आपण डॉक्टरांचा भाव पाडला तेव्हा टाळ्या घेतल्या, आता आपला पडला म्हणून रडायचं कशाला, असं ती नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "तू रडू नकोस. पण भाडं थांबत नाही." तिनं मदतनीस बाईला काढलं आणि दिवस दोन तासांनी लांबवला.

त्याच गडबडीत एकदा नणंद म्हणाली, खालची कवळी जिभेकडच्या बाजूला टोचतेय. "वन्सं, आ करा बघू." हिरडीच्या कडेला लालसर जागा दिसत होती. तिनं कानस मारली. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग महिन्यानं पुन्हा. कवळी टोचते तेव्हा दोष कवळीचा असतो, हे तिला बावीस वर्षांत हाडीमाशी भिनलेलं. जागेच्या मधोमध पांढरट चट्टा धरला, तो तिनं पाहिला. कवळी काढून ठेवा आठवडाभर, मऊ खा, ती म्हणाली. नणंदेनं काढून ठेवली. चट्टा गेला नाही. नणंद तक्रार करणारी नव्हती, आणि कवळीबाईच्या डोक्यात समोरचं दुकान होतं. असे पाच महिने गेले.

मग मानेला गाठ हाताला लागली आणि त्या दोघी सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं किती दिवस झाले ते विचारून टॉर्चच्या उजेडात तोंड पाहिलं, मान चाचपली आणि लिहायला घेतलं. लिहितालिहिता विचारलं, "पाच महिने हे कोण बघत होतं?"

"कुणी नाही," नणंद लगेच म्हणाली. "मीच अंगावर काढलं."

कवळीबाई शेजारी उभी होती. तिनं नणंदेला हाताला धरून उठवलं. बाहेर बाकावर बसवलं, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, आणि मग ती एकटीच परत आत गेली.

"मी बघत होते," ती म्हणाली.

डॉक्टरनं वर पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग तोंडात हात कसा घातलात?"

"परवानगी आहे," कवळीबाई म्हणाली.

नणंदेचा खालचा डावा जबडा काढावा लागला. जीव वाचला. गाल आत गेला, बोलणं फक्त घरच्यांना कळेल असं झालं, आणि खाणं सगळं वाटून, गाळून. कवळी बसवायला आता जागाच नव्हती. तिनं वहिनीला एका शब्दानं बोल लावला नाही. नवऱ्यानंही लावला नाही. फक्त संध्याकाळी तो डेपोतून सरळ घरी जायला लागला, गाळ्याकडे फिरकला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. भांडणाला उत्तर देता येतं.

ती सल्लागाराला भेटायला गेली. तो आता मोठ्या कचेरीत बसत होता, पण ओळख विसरला नव्हता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, त्याचा चेहरा खरंच उतरला. मग त्यानं आकडे सांगितले. कवळी वापरणारे लोक दुपटीहून जास्त झालेत. पूर्वीही दंतवैद्यांच्या नजरेतून अशा जखमा सुटत होत्या, आणि पैशाअभावी जे त्यांच्याकडे जातच नव्हते त्यांची तर नोंदच नव्हती. एकूण बघता नुकसान कमी झालंय.

"म्हणजे वन्सं त्यात एक," ती म्हणाली.

"आकड्यात एकच."

"माझ्या घरातही एकच आहे," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली. आकडे खोटे नसावेत असं तिला वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

बातमी परिषदेपर्यंत पोचली. अध्यक्षांनी बोलावणं धाडलं. कायदा परत पहिल्यासारखा करायचा प्रयत्न चालू होता. तिनं पुन्हा साक्ष द्यावी, या खेपेला त्यांच्या बाजूनं. "मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं," ते हळुवार म्हणाले. त्यांच्या आवाजात खुनशीपणा नव्हता, नुसतं समाधान होतं.

"बरोबर विचारलं होतंत," ती म्हणाली. "पण माझी नणंद आधी तुमच्यातल्याच एकाकडे गेली होती. आकडा ऐकून परत आली. पुढं चार वर्षं दात नव्हते तिला. त्या चार वर्षांत तिच्या तोंडात कोण डोकावलं?"

दवाखाना चालवायला खर्च येतो, असं काहीसं ते म्हणू लागले. ती ऐकायला थांबली नाही. सल्लागारानं तिचा फोटो मास्तरांच्या गोष्टीसकट छापून आणला होता, अध्यक्षांना तो नणंदेच्या गोष्टीसकट छापायचा होता.

रुग्णालयातल्या त्या तरुण डॉक्टरकडे ती दर गुरुवारी जाऊ लागली. मागं उभं राहायचं, उघडी तोंडं बघायची, कोणता चट्टा साधा आणि कोणता नाही ते विचारायचं. डॉक्टरनं पहिल्यांदा नाही म्हटलं, मग बघू दिलं. आठ महिने ती गेली. कागद मिळाला नाही, मिळणारही नव्हता. अशा कागदाची कुणाला गरजच उरली नव्हती.

आता तिच्या गाळ्यात येणाऱ्याला ती आधी खुर्चीत बसवते, टॉर्च लावते, जीभ उचलायला सांगते, गालांच्या आतून बोट फिरवते. दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम दिसली की कवळीला हात लावत नाही, रुग्णालयात पाठवते. लोकांना ते आवडत नाही. आले होते घासून घ्यायला आणि ही दिवस मोडायला सांगते. बाई विक्षिप्त झाली, असं गल्लीत म्हणू लागलेत.

परवा एक ट्रकवाला आला. पन्नाशीचा, घाईत, गाडी रस्त्यातच उभी. जिभेच्या कडेला टोचतंय म्हणाला. तिनं पाहिलं, टॉर्च जरा जवळ नेली, पुन्हा पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"झाले दोनेक महिने."

तिनं सांगितलं की कवळी नंतर, आधी रुग्णालयात जा, उद्याच जा. डॉक्टरचं नाव, खोलीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"असा नियम आहे का?"

"नियम नाही," ती म्हणाली. "मी सांगतेय."

"नियम नाही ना? मग झालं." त्यानं कवळी खिशात टाकली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरला. दहा मिनिटांत कवळी घासून, तोंडात बसवून बाहेर आला, जबडा इकडेतिकडे हलवून बघितला, खूश दिसला, आणि ट्रक चालू करून निघून गेला. तिनं त्याचं नाव विचारलं नव्हतं. गाडीचा नंबर बघायचं सुचेपर्यंत ट्रक वळणापलीकडे गेला होता.